अध्यक्ष थांबल्याशिवाय कोणीही थांबू नये

अण्णा टिपणीस सायकलवरून पार टिटवाळ्याच्या अलीकडच्या रेल्वे फाटकापर्यंत गेले आणि त्यांच्यामागून अख्खी चैत्रबन सोसायटी गेली. ही घटना घडलेली नाही. सर्वसाधारण सभेत तसा ठराव एकमताने मंजूर झालेला आहे. सूचक अण्णा टिपणीस, अनुमोदक सौ. प्रमोदिनी टिपणीस. तेव्हा जे घडलंच नाही ते पहिल्यापासून नीट सांगायला कोणाची हरकत नसावी.

चैत्रबन कल्याण पश्चिमेला आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावर सुमित आणि मृणाल शिरसाट भाड्याने राहतात. फ्लॅट अण्णांचा. अण्णा राहतात समोरच्याच दारात, आणि सोसायटीचे अध्यक्षही तेच. त्यामुळे बाथरूमची भिंत ओली झाली की सुमितला घरमालक, शेजारी आणि अध्यक्ष अशा तिघांकडे एकाच दारात तक्रार करता येते, आणि तिघंही एका आवाजात "बघू" म्हणतात.

घराचा करार त्या जानेवारीअखेर संपत होता. पुढचं विचारलं की अण्णा "विचार चाललाय" म्हणत, आणि मग पुण्याच्या भाच्याची कल्याणला बदली होते आहे, अशी माहिती जिन्याला देत. मृणालने आधी ठाण्यात वर्तकनगरला, मग डोंबिवलीत आणि मग इथे असा संसार हलवला होता, त्यामुळे खोकी बांधण्याची तिला भीती नव्हती. भीती वेगळीच होती. त्यांची उर्वी समोरच्या गल्लीतल्या बालवाडीत जायला लागली होती. जूनपासून दिवाळीपर्यंत रोज सकाळी रडून तिने नुकतंच रडणं थांबवलं होतं. घर बदललं की शाळा बदलणार, आणि शाळा बदलली की पुन्हा जून.

"मी परत त्या गेटवर उभी राहून पोरीच्या मुठीतून माझी ओढणी सोडवणार नाही," मृणाल सुमितला म्हणाली. "अण्णांना काय हवं ते दे. किडनी मागितली तर डावी की उजवी, तेवढं विचारून ये."

अण्णांनी किडनी मागितली नाही. सायकल मागितली.

त्या सायकलचं असं झालेलं. सुमित वागळे इस्टेटमध्ये पंपांचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. तिथल्या शेडमागे एक जुनी रेसर सायकल कोणाचीच नसल्यासारखी भिंतीला टेकून असायची. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल, बोटाएवढे टायर, वर गंजाची साय. ती भंगारात निघाली तेव्हा सुमितने तिला हात धरून परत आणली. त्याने मोबाईलवर फिक्स्ड गिअरच्या सायकली पाहिल्या होत्या. गिअर नाहीत, वायरी नाहीत, काही नाही. नुसती दोन चाकं आणि माज. तशी एक आपल्याकडे असावी, आणि शक्यतो फुकटात असावी, असं त्याला वाटू लागलं.

साध्या सायकलचं पॅडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं, मागून टिकटिक आवाज येतो आणि माणूस ओळखीच्यांना हात करत उतार उतरतो. फिक्स्ड गिअरमध्ये ती टिकटिक नसते. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार आणि पॅडल फिरतंय तोवर पाय फिरणार. पायांचं मत विचारात घेतलं जात नाही. यासाठी मागचं चाक वेगळं मिळतं. त्याची किंमत वाचून सुमितने मोबाईल पालथा ठेवला आणि तो जगनकडे गेला.

जगन कारखान्यातला वेल्डर. त्याच्या मते जगात प्रॉब्लेम दोनच जातीचे, वेल्ड केलेले आणि वेल्ड करायचे राहिलेले. टिकटिक जिच्यातून येते ती चकती त्याने जेवणाच्या सुट्टीत वेल्ड करून कायमची मुकी केली, वर फुंकर मारली आणि म्हणाला, "सायकल सडून जाईल, हा जॉइंट राहील."

बाकीचं बजेटमध्ये बसवणं सोपं होतं. गिअर विकून सुमितने मोरपंखी रंग आणला. मडगार्ड विकून सीट आणली. हँडलला गुंडाळायला पांढरी पट्टी हवी होती, तेव्हा ब्रेक विकले. ब्रेक पुढच्या पगाराला घ्यायचे होतेच. पाय पॅडलवरून सटकू नयेत म्हणून अशा सायकलला पट्टे लावतात, ते त्याने उर्वीच्या जुन्या दप्तराचे कापून लावले, बकलांसकट. प्रत्येक पट्ट्यावर एक गुलाबी ससा होता. ससा सोडला तर सायकल अशी दिसत होती की दुधवाल्यानेही थांबून तिचा फोटो काढला.

आता सोसायटीच्या सायकल फेरीबद्दल. ती दर वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी निघते, सोसायटीपासून नदीकाठच्या बागेपर्यंत. बागेत मंडप, लिंबू सरबत आणि अध्यक्षांचं आरोग्य या विषयावर भाषण. अण्णांकडे स्वतःची सायकल नाही. पार्किंगमधली जी फोटोत बरी दिसेल तिच्यावर ते बसतात. आदल्या वर्षी माजी अध्यक्ष विश्राम पेडणेकर वाटेत अण्णांच्या पुढे निघून गेले आणि आधी पोचल्यामुळे अण्णांचा हार त्यांच्या गळ्यात पडला. शिवाय निम्मी फेरी मिसळीच्या दुकानापाशी जी थांबली ती थांबलीच. म्हणून यंदा नोटीस बोर्डावर नियम लागला होता: फेरीत कोणीही अध्यक्षांच्या पुढे जाऊ नये, व अध्यक्ष थांबल्याशिवाय कोणीही थांबू नये.

शनिवारी अण्णा पार्किंगमध्ये मोरपंखी सायकलभोवती फिरले, त्यांनी सीटवर दोन थापा मारल्या आणि उद्या हीच, असं जाहीर केलं.

सुमितने सांगायचा प्रयत्न केला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. ही जरा वेगळी असते काका, इथवर तो पोचला. पुढचं वाक्य अण्णांनी घेतलं. आपण बँकेत असताना कल्याणहून नाशिकला सायकलने कसे गेलो होतो, कसारा घाटात पायांना कसे गोळे आले होते आणि ते कसे गेले, हे सगळं त्यांनी सांगितलं. घाट उतरून ते नाशिकला पोचले तेव्हा मृणाल खाली आली होती. ती म्हणाली की त्यात काय विचारायचं काका, तुमचीच सायकल समजा. आणि सुमित पुन्हा तोंड उघडतोय असं पाहून तिने त्याच्या पायावर पाय ठेवला.

घरात आल्यावर त्याने तिला ब्रेकचं सांगितलं. मग टिकटिकचं सांगितलं. मृणालने गॅस बंद केला.

"बाग किती लांब आहे?" तिने विचारलं.

"जवळच आहे गं."

"चढ-उतार?"

"नाही. सपाटच म्हणायचं."

"मग तू कोणाची तरी सायकल घेऊन शेजारी राहा आणि बागेशी आलं की त्यांना धर. लहानपणी बाबा धरायचे तसं. पण आता नाही म्हणालास तर भाचा येतोय."

योजनेत दोष नव्हता. फक्त ती नोटीस बोर्ड न वाचता केली होती.

रविवारी सकाळी अण्णा शुभ्र सदऱ्यात आणि भगव्या फेट्यात खाली आले. आदल्या वर्षी त्यांची एक चप्पल वाटेतच राहिली होती, म्हणून त्यांनी सुमितला पाय चांगले आवळून बांधायला सांगितलं. सुमितने सायकल खांबाला टेकवून ठेवली आणि पाय आवळून बांधले. अण्णांनी सशाकडे पाहिलं, पण तो फोटोत येणार नव्हता. प्रमोदिनीकाकू उर्वीला घेऊन औक्षणाचं तबक सांभाळत रिक्षाने आधीच बागेकडे गेल्या होत्या. सेक्रेटरी नंदाताई भोईर स्कूटरवर शिट्टी घेऊन सज्ज होत्या. त्यांच्यामागे मृणाल, मांडीवर केळ्यांची पिशवी. नंदाताईंनी शिट्टी मारली आणि फेरी निघाली.

पहिली पाच मिनिटं फार चांगली गेली. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने हात केला आणि त्याला उलट हात करावा म्हणून अण्णांनी पॅडल मारणं थांबवलं. पॅडल थांबलं नाही. त्याने अण्णांचा पाय उचलून पुढे ठेवला, मग दुसरा उचलून पुढे ठेवला. अण्णांचा हात हवेतच राहिला.

"सुमित," ते समोर बघत म्हणाले, "ही बॅटरीवर चालते का?"

"नाही काका. ती तुमच्यावर चालते."

"थांबव."

"तुम्ही पाय जरा ढिले सोडा, हळू होईल आपोआप."

"आणि मग?"

"मग उतरायचं."

"पाय बांधलेत."

"हो."

अण्णांचा आवाज बँकेत कर्ज नाकारताना यायचा तसा शांत आला. "म्हणजे थांबलं की पडायचं."

"मी धरतो ना काका, बागेशी."

बाग आली. मंडप दिसला, कमान दिसली, सरबताची पिंपं दिसली. आणि पहिल्या रांगेत, फेरीत न येता आधीच जाऊन बसलेले विश्राम पेडणेकर दिसले. ते मोबाईल आडवा धरून शूटिंग करत होते. सुमितने धरण्यासाठी सायकल पुढे काढली, तशी मागून शिट्टी झाली.

"ए शिरसाट, मांगं हो. अध्यक्षांचे पुरं कोन जायाचा नाय."

सुमित मागे झाला. अण्णांच्या मनात त्या क्षणी काय आलं हे त्यांनी कोणाला सांगितलेलं नाही, पण हिशेब उघड होता. थांबलं तर पडायचं, आणि पडायचं ते पेडणेकरांच्या मोबाईलमध्ये, फेट्यासकट. किंवा भाडेकरूने बकोटीला धरून उतरवायचं, तेही त्याच मोबाईलमध्ये. तिसरा पर्याय समोर रस्त्याच्या रूपाने पसरलेला होता. अण्णांनी मंडपाकडे पाहून प्रसन्न मान हलवली आणि ते पुढे गेले. प्रमोदिनीकाकूंनी तबक पुढे केलं होतं. त्या एकदाच "अहो" म्हणाल्या. अण्णा तोवर कमानीच्या पलीकडे होते.

मागे सायकलींची लांबलचक रांग होती. रांगेने मंडपाकडे पाहिलं, सरबताकडे पाहिलं, अध्यक्षांच्या पाठीकडे पाहिलं. नियम स्पष्ट होता. रांग पुढे गेली. कोणी म्हणालं यंदा मार्ग बदललाय. कोणी म्हणालं अण्णांनी सरप्राइज ठेवलंय. वय बघ आणि दम बघ, असंही कोणी म्हणालं. आपल्याला एकट्याला रिकाम्या मंडपात बसवून जाण्याचा हा डाव आहे, हे पेडणेकरांच्या लगेच लक्षात आलं. त्यांनी केटरिंगवाल्याची सायकल ओढली आणि ते रांगेच्या शेपटाला लागले. मंडपात प्रमोदिनीकाकू, उर्वी आणि पूर्ण सोसायटीचं सरबत उरलं.

पुढच्या चौकात मोठं गोल सर्कल आहे. परत फिरावं म्हणून अण्णांनी त्याला वळसा घातला. फेरीनेही घातला. पण फेरी लांब आणि सर्कल बेताचं, त्यामुळे अर्धा वळसा होतो न होतो तोच अण्णांना समोर फेरीचं शेपूट आडवं आलं. तिथून घराकडे जायला वाट उरली नाही, म्हणून ते फिरत राहिले, आणि थोड्याच वेळात चैत्रबन सोसायटी सर्कलभोवती बांगडीसारखी फिरू लागली. आता कोण कोणाच्या पुढे हे सांगता येईना. शेवटच्या सायकलवरचे पेडणेकर अण्णांच्या बरोबर पुढे आले होते. त्यांनी वळून ओरडून सांगितलं की मी नियम मोडलेला नाही, अध्यक्ष माझ्या मागून आलेत. नंदाताईंनी सगळ्यांनाच शिट्टी मारली. चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराने फेटा पाहिला, मागची गर्दी पाहिली, कोणीतरी मोठं माणूस आहे असं समजून चारही बाजूंची वाहनं रोखली आणि एकच रस्ता मोकळा करून सलाम ठोकला. तो रस्ता टिटवाळ्याकडे जाणारा होता. सलाम केलेल्या माणसाला नाही म्हणणं अण्णांना कधीच जमलेलं नाही.

त्यानंतरचा रस्ता रुंद, नवा आणि सुनसान होता. एके ठिकाणी त्याला किंचित उतार लागला. एरवी तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण त्या उतारावर अण्णांचे पाय अण्णांचे राहिले नाहीत. ते शिलाई मशीनच्या सुईसारखे वर-खाली होऊ लागले, आणि कमरेच्या वर मात्र अण्णा फोटोला बसल्यासारखे ताठ होते. मागून पाहणाऱ्यांना दोन वेगवेगळी माणसं एकावर एक ठेवल्यासारखी वाटत होती.

"काका, पाय अडवा, उलटा जोर लावा," सुमित अर्धं चाक मागे राहून सांगत होता.

"लावतोय."

"तो सुलटा लागतोय काका."

उतार संपला तेव्हा अण्णा जिवंत होते. त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण ते दोनदा मागे वळून उताराकडे बघत होते.

फेरीत आता कुरकुर सुरू झाली. कोणाचं इडलीचं पीठ वर येत होतं, कोणाकडे बारशाचं आमंत्रण होतं. पण पहिलं कोण थांबणार? नियम मोडणाऱ्याचं पार्किंग काढून घेण्याची तरतूद नोटिशीच्या शेवटच्या ओळीत होती. मृणालने स्कूटरवरून केळी वाटली. वाटेतल्या एका नाक्यावर चहा पिणाऱ्यांनी मोर्चा कसला म्हणून विचारलं. कोणीतरी उत्तर दिलं की माहीत नाही, अध्यक्ष थांबले की सांगतील. ते ऐकून नाक्यावरचे चारपाच जण आपापल्या सायकली काढून फेरीत आले. मागणी काहीही असली तरी आपली पण तीच असणार, असं त्यांचं म्हणणं पडलं.

पुढच्या सीटवर परिस्थिती बिकट होती. अण्णांचा फेटा सुटून त्याचा शेमला हँडलवर आला होता. सुमितने दोनदा म्हटलं की काका, आता इथे कोणी बघत नाहीये, मी धरतो. दोन्ही वेळा अण्णांनी मान मागे वळवली. मागे रांगेत पेडणेकर होते आणि एका हाताने मोबाईल धरून सायकल चालवायला ते तेवढ्या वेळात शिकले होते. सुमितला डोळ्यांसमोर दोनच गोष्टी दिसत होत्या. एक, अण्णा रस्त्यावर पडलेले. दुसरी, उर्वी नव्या शाळेच्या गेटवर, मुठीत ओढणी घेऊन. पहिलीनंतर दुसरी आपोआप येत होती.

आणि मग, टिटवाळ्याच्या अलीकडे, घंटा वाजली.

समोर रेल्वेचं फाटक होतं आणि त्याचा दांडा सावकाश खाली येत होता. रिक्षा, टेम्पो, मोटारसायकली कडेकडेला थांबत होत्या आणि एकजात शिव्या देत होत्या. त्या गर्दीत एकच माणूस असा होता की ज्याच्या डोळ्यांत फाटक पडताना पाहून पाणी आलं. अण्णांनी शेवटचं बळ एकवटून पाय जड केले. सायकल हळू झाली, आणखी हळू झाली, रिक्षांच्या मधून सरळ पुढे गेली. आणि डगमगून कलंडणार तेवढ्यात अण्णांनी दोन्ही हातांनी फाटकाच्या दांड्याला मिठी मारली. खूप वर्षांनी भेटलेल्या भावाला मारावी तशी.

मागे एकामागून एक सायकली थांबल्या. लोक जिथे होते तिथेच रस्त्यावर बसले.

"नोंद करा," अण्णा दांड्यावर गाल टेकून नंदाताईंना म्हणाले. "मी थांबलेलो नाही. मला रेल्वेने थांबवलं आहे."

आता राहिले पट्टे. दांडा हातात होता तोवर अण्णा उभे होते. सुटला असता तर सायकलसकट आडवे. सुमित पटकन खाली वाकला आणि डाव्या पायाचा पट्टा सोडवू लागला. तो कसाबसा निघाला. उजव्याचं बकल मात्र ओढावं तितकं घट्ट होत होतं.

मागच्या लोकांना पट्टा दिसत नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की इतका लांबचा प्रवास झाल्यावर भाडेकरू अध्यक्षांच्या पाया पडतोय. त्यात टिटवाळ्याची हद्द, म्हणजे गणपतीचा शेजार. आधी दोन बायका पुढे आल्या आणि वाकून नमस्कार करून गेल्या. मग मुलांना पुढे ढकलण्यात आलं. मग रांग लागली. नाक्यावरचे नवे सभासदही रांगेत उभे राहिले. अण्णांना आशीर्वादासाठी हात उचलता येत नव्हता, म्हणून ते दांड्याला मिठी मारूनच "सुखी राहा" म्हणत होते आणि मधूनमधून खालच्या बाजूला "झालं का" असं विचारत होते. शेवटी पेडणेकर एकटेच ताठ उभे राहिले. सगळे त्यांच्याकडे बघू लागले. पेडणेकरांनी मोबाईल खिशात घातला आणि लांबूनच, गुडघ्यांना झेपेल तेवढे, ते वाकले.

पलीकडून मालगाडी धडधडत आली आणि फाटकासमोरून जायला लागली. रांगेत सगळ्यात शेवटी मृणाल होती. तिने डोक्यावरून ओढणी घेतली, अण्णांच्या उजव्या पायाशी वाकली आणि वाकलेलीच राहिली.

"काका, कराराचं काय ठरलं?"

अण्णांनी खाली पाहिलं. "आत्ता?"

"मालगाडी गेली की फाटक वर जाणार ना, म्हणून म्हटलं."

अण्णांनी दांड्याकडे पाहिलं. दांडा वर गेला की त्याला धरलेला माणूस कुठे जातो, हा प्रश्न त्यांना तोवर पडलेला नव्हता.

"विचार चाललाय म्हणालो होतो ना मी."

"हो. मी थांबते. माझी काही घाई नाही."

सुमितने बकल जीव खाऊन ओढलं. ते आणखी आवळलं. गाडीचे डबे एका लयीत जात होते.

"अकरा महिने," अण्णा म्हणाले.

मृणालने नुसतं रुळांवरून लांबवर पाहिलं. "गार्डाचा डबा दिसायला लागला काका."

"दोन वर्षं."

"उर्वी चौथीला जाईपर्यंत."

"ती आत्ता बालवाडीत आहे."

"हो ना. लहान आहे अजून."

शेवटचा डबा समोरून गेला. दांडा अण्णांच्या मिठीत एकदा थरथरला.

"चौथीपर्यंत," अण्णा म्हणाले. "भाडं तेच."

"आणि भाचा?"

"भाचा पुण्यात सुखी आहे. त्याला कुठे यायचंय."

मृणालने पुढे हात करून बकलाची दोन टोकं चिमटीत दाबली. बकल टक्कन उघडलं. सुमित तिच्याकडे बघतच राहिला. हे बकल ओढायचं नसतं, दाबायचं असतं. तिने ते कित्येक महिने रोज सकाळी आणि रोज दुपारी उघडलेलं होतं. दांडा वर निघाला तेव्हा अण्णांचे दोन्ही पाय जमिनीवर होते. ते तसेच थोडा वेळ उभे राहिले. मग त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि पाय थांबतो का ते पाहिलं. थांबला. मग दुसरं टाकून पाहिलं.

"थांबतायत," ते सुमितला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान प्रमोदिनीकाकूंनीही कधी पाहिलं नसेल.

परतीला अण्णा नंदाताईंच्या स्कूटरवर मागे बसले आणि मोरपंखी सायकल टेम्पोत आडवी झाली. फेरी आली तशी परत गेली, फक्त कोणाच्याही मागे न जाता आणि वाटेतल्या प्रत्येक टपरीवर थांबत. बागेत उर्वीने आणि प्रमोदिनीकाकूंनी जमेल तेवढं सरबत संपवलं होतं.

करार त्याच आठवड्यात झाला. अण्णांनी दिलेला शब्द पाळला. तो दांड्याला मिठी मारून दिलेला होता हे त्यांनी काढलं नाही आणि मृणालनेही नाही. सुमितने पगार होताच सगळ्यात आधी ब्रेक बसवले, पुढचा आणि मागचाही. उर्वी बालवाडीच्या गेटवर मागे वळून न बघता आत जाते, आणि मृणाल तरीही जरा वेळ तिथेच उभी राहते, कारण हात रिकामे असण्याची तिला अजून सवय झालेली नाही.

राहता राहिली सर्वसाधारण सभा. तीत पेडणेकरांनी उभं राहून अण्णांच्या पराक्रमाचं तोंडभरून कौतुक केलं आणि पुढच्या वर्षीपासून फेरी दर वेळी फाटकापर्यंतच न्यावी, अध्यक्षांच्याच नेतृत्वाखाली, अशी सूचना मांडली. खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येकाच्या मांड्या अजून दुखत होत्या. तेव्हा अण्णांनी सुचवलं की असा काही प्रकार घडलेलाच नाही. जे घडलं नाही ते पुन्हा करण्याचा प्रश्न येत नाही. पेडणेकरांना उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागला होता, त्यामुळे त्यांनीही हात वर केला.

तरी अण्णा सावध माणूस. पुढच्या फेरीची तारीख लागताच त्यांनी सुमितला घरी बोलावून घेतलं आणि सोसायटीच्या लेटरहेडवर एक पत्र टाइप करायला सांगितलं. ते असं:

"प्रति, मा. अधीक्षक, रेल्वे फाटके (असे पद असल्यास). महोदय, आमच्या सोसायटीची सायकल फेरी आपल्या फाटकापर्यंत कधीही आलेली नाही व येण्याचा विचारही नाही. तथापि, निव्वळ खबरदारी म्हणून, फेरीच्या दिवशी सकाळपासून अध्यक्षांचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याची लेखी खात्री होईपर्यंत सदर फाटक बंद ठेवण्यात यावे, आणि त्या वेळेत समोरून जी मालगाडी सोडण्यात येईल ती कृपया थोडी अधिक लांब असावी, ही नम्र विनंती."